राहुकाळातली दोन तिकिटं

व्हाइटफील्ड,
शुक्रवार, ५ सप्टेंबर

ती. अण्णा,

नमस्कार. सुनेनं सासऱ्यांना शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असतो, हे मला माहीत आहे. पण सध्या राग आहे, त्यामुळे नुसत्या नमस्कारावर भागवते. राग उतरला की बाकीचा पाठवीन.

एकाच गावात राहून सासऱ्यांना पोस्टानं पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली आहे. दुसरं करू तरी काय? तुम्ही मोबाइल बंद करून कपाटात ठेवलात आणि कपाटाची किल्ली जानव्याला बांधलीत म्हणे. तुमचा रस्ता खणल्यापासून लँडलाइन मुकी आहे. काल कार्तिकला मुद्दाम चामराजपेटेत पाठवला. म्हटलं, मुलगा आहे, बापाशी दोन शब्द बोलेल. दोन तास बसून परत आला आणि म्हणाला, "अण्णा बरे आहेत. मिडल ऑर्डरची काळजी करतायत." मी विचारलं, आईबद्दल, अक्कांबद्दल काही बोलले का? तर म्हणे, विषय निघाला नाही. तुमच्या घराण्यात विषय आपोआप निघायची वाट बघतात, हे लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तरी मला कळायला हवं होतं.

तर आता विषय मीच काढते.

बुधवारी सकाळी बेल वाजली. दारात अक्का, हातात पिशवी, काखेत कॉफीचा फिल्टर. मेट्रोनं एकट्या आल्या, त्या गुडघ्यांनी जिने उतरून. म्हणाल्या, "मी राहायला आले. किती दिवस ते विचारू नको." मी विचारलं नाही. फिल्टर बघूनच समजले की मुक्काम मोठा आहे.

अण्णा, काम एवढंच होतं. होन्नेगुड्ड्यावर कारवी फुलली आहे. सात वर्षांनी एकदा फुलते. डोंगरावर रोज मोजकीच माणसं सोडतात आणि आठवड्याची तिकिटं मंगळवारी दुपारी साडेतीनला साइटवर उघडतात. पाव तासात संपतात. मी आणि कार्तिक त्या वेळी ऑफिसात, म्हणून हे काम तुमच्यावर सोपवलं. मी तीन रविवार तुमच्याशेजारी बसून शिकवलं होतं. कुठं दाबायचं, ओटीपी कुठं येतो, सगळं. तुम्ही तर माझ्यापेक्षा पटपट करायला लागला होतात.

आणि मंगळवारी तुम्ही साडेचार वाजेपर्यंत फोनला हात लावला नाहीत. का, तर तीन ते साडेचार राहुकाळ.

अक्का शेजारून हळदीकुंकवाहून आल्या तेव्हा तुम्ही फोन पालथा घालून, चष्मा मिटून समोर बसला होतात. त्यांनी विचारलं, "झालं?" तुम्ही म्हणालात, "साडेचारला." साडेचारला काय व्हायचं होतं? साडेचारला साइटवर 'पुन्हा पुढच्या मंगळवारी' एवढीच पाटी उरली होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मी पुण्याची. आमच्याकडे मंगळवारी दुपारी राहू काय करतो, कुणी विचारत नाही, कारण त्या वेळी सगळे झोपलेले असतात. पण तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, मी त्यावर बोलणार नाही. फक्त एवढंच सांगते. अक्का सात वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचे वडील तिकडे कॉफीच्या मळ्यावर कारकून होते, आणि त्यांनी एकदा तो डोंगर निळा झालेला पाहिला. त्यानंतर कधी नाही. एकदा तुमच्या आईंचं आजारपण, एकदा कार्तिकची कॉलेज अ‍ॅडमिशन, गेल्या वेळी घाटात दरड. आता हिवाळ्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. काल डाळ निवडताना म्हणाल्या, "आणखी सात वर्षांनी मी कुठं आणि माझे गुडघे कुठं." हे त्या रडून म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कृपा करून फोन चालू करा.

मुग्धा


व्हाइटफील्ड,
मंगळवार, ९ सप्टेंबर

ती. अण्णा,

नमस्कार. अजून तेवढाच.

आज मी ऑफिसातून बुकिंगला बसले. महादेवपुऱ्याच्या आमच्या ऑफिसात मंगळवारी साडेतीनला क्लायंटचा कॉल असतो. अमेरिकेतला माणूस पहाटे उठून बोलत होता आणि मी मान डोलवत दुसऱ्या खिडकीत कारवीच्या रांगेत उभी होते. नंबर सरकत सरकत आला. रविवार सकाळ, दोन तिकिटं, हिरवी खूण. अण्णा, दोन तिकिटं माझ्यासमोर होती.

मग साइटनं विचारलं, येणाऱ्या प्रत्येकाचा आधार नंबर टाका.

अक्कांचं आधार कुठं आहे? तुमच्या कपाटात. किल्ली कुठं आहे? मागच्या पत्रात लिहिलंय. मी तुम्हाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. अक्कांना लावला, म्हणाल्या, "नंबर मला कुठला पाठ असणार? ते सगळं हेच बघतात." कार्तिकला लावला, तो म्हणाला, "मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू का?" साइटनं काही मिनिटं वाट बघितली आणि दोन्ही तिकिटं दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. तेवढ्यात अमेरिकेतल्या माणसानं विचारलं, मुग्धा, तुझं काय मत आहे? मी हो म्हणाले. कशाला हो म्हणाले ते उद्या कळेल.

संध्याकाळी कॅबमध्ये दीड तास अडकले होते तेव्हा मी मनातल्या मनात तुमच्याशी इतकं भांडले की घरी पोचेपर्यंत दमले. घरात शिरले तर स्वयंपाकघर बदललेलं. तिखट-मिठाचे डबे गॅसच्या उजवीकडे गेले, चहाचा डबा वरच्या फळीवर गेला, आणि कॉफीचा फिल्टर जिथं चहाचा डबा होता तिथं येऊन बसला. "असंच बरं पडतं," अक्का म्हणाल्या. मला मीठ सापडेना. माझ्याच घरात मीठ कुठंय ते विचारावं लागलं.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. मी तिसरी आहे, अण्णा. मला तरी लाभ कुठं दिसत नाही.

आधारची झेरॉक्स पाठवा. बोलायचं नसेल तर बोलू नका, झेरॉक्स तेवढी पाठवा.

मुग्धा


व्हाइटफील्ड,
सोमवार, १५ सप्टेंबर

ती. अण्णा,

नमस्कार.

काल तुमच्या वडिलांचं श्राद्ध होतं. मला वाटलं होतं, आता तरी अक्का तिकडेच राहतील. सकाळी अंघोळ करून, नऊवारी पिशवीत घालून पहिल्या मेट्रोनं गेल्या. मी म्हटलं, जाताय ना मग, मिटवून टाका. तर मला म्हणाल्या, "पितरांशी माझं भांडण नाही."

संध्याकाळी परत. डब्यात वडे आणि खीर, तोंडाला कुलूप. मी विचारलं, अण्णा काय म्हणाले? "भटजींशी बोलले." तुमच्याशी? "खीर वाढली तेव्हा पुरे म्हणाले." पन्नास वर्षांच्या संसारात तुम्ही दोघं इतकं कमी बोलून भांडू शकता याचं मला खरंच नवल वाटतं. आमच्याकडे भांडण झालं की सोसायटीच्या चौथ्या मजल्यापर्यंत कळतं आणि रात्री मिटतं.

पण तिकडे तुमच्या टेबलावर पेपरवेटखाली दोन झेरॉक्स होत्या. त्या अक्कांनी न बोलता पिशवीत घातल्या आणि न बोलता माझ्यापुढे ठेवल्या. मी मागितली एक होती. तुम्ही तुमच्या आधारचीही ठेवलीत. म्हणजे त्या निळ्या डोंगरावर तुम्हालाही जायचं आहे, हे मी समजले. अक्काही समजल्या असाव्यात, कारण रात्री त्यांनी तुमच्या झेरॉक्सवर कॉफीचा पेला ठेवला आणि मग उचलून डाग पुसला.

उद्या पुन्हा मंगळवार. मी सुट्टी घेतली आहे. अमेरिकेतल्या माणसाला कळवलं आहे की घरी धार्मिक कार्य आहे.

मुग्धा


व्हाइटफील्ड,
बुधवार, १७ सप्टेंबर

ती. अण्णा,

नमस्कार. आज तोही कसाबसा.

नाही मिळाली. सगळं तयार होतं. दोन्ही आधार, दोन लॅपटॉप, कार्तिकचा जुना फोन, बँकेचं कार्ड. साडेतीनला साइट उघडली आणि म्हणाली, तुमच्या पुढे हजारो लोक आहेत, कृपया पान बंद करू नका. मी पान बंद केलं नाही. पाणीसुद्धा प्यायले नाही. एक छोटा माणूस पडद्यावर चालत होता, चालतच राहिला, आणि मग तिकिटं संपली. तो माणूस तेवढाच चालत चालत कुठंतरी निघून गेला. त्या साइटवाल्यांना एकदा समोर बसवून विचारायचं आहे की हा माणूस चालतो कुठं?

सोसायटीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र चार जणांचे फोटो. निळा डोंगर, निळे गॉगल, एकीनं तर साडीसुद्धा मॅचिंग नेसली होती. आमच्या वरच्या मजल्यावरचा ऋतुराज म्हणाला, "अहो, सोपंय, साडेतीनला यायचंच नाही. आधी येऊन रांगेत बसायचं. साइट उघडायच्या आधी अर्धा-पाऊण तास लॉगिन करून पान उघडं ठेवलं की पुढचा नंबर मिळतो." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार.

मी चिडून लॅपटॉप मिटला आणि अक्कांपुढे तुमचं नाव काढलं. म्हटलं, पहिल्याच मंगळवारी अण्णांनी नुसतं बटण दाबलं असतं तर आज ही वेळ आली नसती. तेव्हा गर्दी नव्हती, कुणाला ठाऊकसुद्धा नव्हतं. राहू का फू, माणूस एखाद्या दिवशी सोडून नाही का देत?

अक्का कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, "सोडतात की. सोडलेला आहे."

मग जे बाहेर आलं ते लिहिते, कारण मला वाटतं खरं भांडण हे आहे. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. टेस्ट मॅचची तिकिटं स्टेडियमच्या खिडकीवर मिळणार होती. मंगळवार होता. तुम्ही दुपारी जेवून उठलात, तीन वाजून गेले होते, आणि अंगात शर्ट घालून निघालात. अक्का म्हणाल्या, "राहुकाळ आहे की." तुम्ही ऐकलं नाहीत. रात्री तिकिटं घेऊन हसत आलात. त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. नवी सून होत्या. "पण मुग्धा," मला म्हणाल्या, "क्रिकेटला राहुकाळ नव्हता. माझ्या फुलांना आहे."

मग त्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालत बसल्या. अण्णा, मला तोवर वाटत होतं की त्या तुमच्या श्रद्धेवर रागावल्या आहेत. तसं नाही. त्या स्वतः मंगळवारी दुपारी नवं काही करत नाहीत. मी काल बटण दाबलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. त्यांना लागलं ते वेगळंच आहे. मी तुमच्या जागी असते तर हे ऐकून मला झोप आली नसती.

उत्तर लिहा. पुढचा मंगळवार शेवटचा. त्यानंतर डोंगर बंद करणार आहेत, फुलं गळायला लागलीत.

मुग्धा


व्हाइटफील्ड,
शनिवार, २० सप्टेंबर

ती. अण्णा,

नमस्कार. जरा बरा नमस्कार समजा.

तुमचं पोस्टकार्ड आलं. अजून पोस्टकार्डं मिळतात हे मला माहीतच नव्हतं. कार्तिकनं त्याचा फोटो काढून ऑफिसात दाखवला. मी ते अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण तुम्ही शेवटी लिहिलंच होतं, "हे तिला सांगणे." तुमचा मजकूर तुमच्याच शब्दांत इथं उतरवते, म्हणजे मी वाचताना पदरचं काही घातलं नाही हे तुम्हाला कळेल:

"चि. मुग्धास आशीर्वाद. मी राहुकाळ मोडला हा आरोप खोटा आहे. प्रस्थान ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळीच माझी छत्री मित्र शेषगिरीकडे दिली. तो छत्री घेऊन रांगेत उभा राहिला. म्हणजे माझं निघणं सकाळीच झालं. दुपारी मी फक्त छत्रीपाशी पोचलो. हे तिला सांगणे."

प्रस्थान मला ठाऊक आहे. पुण्याची माझी आत्या काशीला निघाली तेव्हा मुहूर्त आदल्या दिवशीचा होता आणि गाडी दुसऱ्या दिवशीची. तिनं रुमालात नारळ-सुपारी बांधून शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. म्हणजे ती निघाली. मग रात्रभर घरात आरामात झोपली. लहानपणी मला ती शुद्ध लबाडी वाटायची. आता वाटतं, देवालाही माणसांची सोय बघणारा नियम आवडत असेल.

ऐकून अक्का म्हणाल्या, "छत्री? त्या दिवशी पाऊस नव्हता. सकाळी मी विचारलं होतं, छत्री कशाला नेता, तर म्हणाले, सुम्ने. उगीच." आणि माझ्याकडे पाठ करून हसल्या. पाठ हलत होती, म्हणून कळलं. इतके दिवस मी त्या हसण्याची वाट बघत होते, आणि ते तुमच्या छत्रीमुळे यावं याचा मला थोडा हेवा वाटला.

पण आनंद करू नका. हसून झाल्यावर त्या वळल्या आणि म्हणाल्या, "मग फुलांसाठी छत्री का नाही ठेवली?"

मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, अण्णांना कुठं ठाऊक होतं की साइटवर आधीपासून रांगेत बसता येतं. ठाऊक होतं की नव्हतं, ते तुमचं तुम्हाला. त्या उठून फिल्टरमध्ये पूड घालायला गेल्या.

याचं उत्तर पोस्टकार्डावर मावणार नाही. मंगळवारी स्वतः या. तीनच्या आधी इथं माझ्या लॅपटॉपवर लॉगिन करून रांगेत बसायचं, म्हणजे तुमचं प्रस्थान झालं. मग राहू येऊ दे नाहीतर केतू, तुमचं काम आधीच सुरू झालेलं असेल. मेट्रोनं या, मार्केटपासून मॅजेस्टिक, तिथून सरळ व्हाइटफील्ड. आणि फोन कपाटातून काढून आणा, त्याच्याशिवाय ओटीपी कुठं येणार?

पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे. सोमवारी मिळावं.

मुग्धा


व्हाइटफील्ड,
मंगळवार, ३० सप्टेंबर

ती. अण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार. पहिल्या पत्रापासूनचा साठलेला सगळा.

हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचायचं आहे. अक्का देवळात जातील तेव्हा वाचा.

गेल्या मंगळवारी तुम्ही आलात तेव्हा मी जरा घाबरलेच होते. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत नारळ, सुपारी आणि धुतलेला रुमाल. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत, फक्त दाराच्या फटीतून कॉफी पुढे सरकली. तुम्ही ती घेतलीत आणि दाराकडे बघून म्हणालात, "साखर स्वल्प जास्त झाली." आतून आवाज आला, "तशीच आहे नेहमीची." हा तुमचा तीन आठवड्यांतला पहिला संवाद. मी कपाळाला हात लावला, आता सांगते.

तीनच्या आधी तुम्ही लॉगिन केलंत, रांगेत बसलात, लॅपटॉपशेजारी रुमालात नारळ मांडलात आणि हात मांडीवर ठेवलेत. म्हणालात, "सरी, ठीक. आता राहुकाळात मी काही सुरू करत नाही. चालूच आहे." मला कॉल आला म्हणून मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तुम्हाला वाटलं, हिचं लक्ष नाही. कॅमेरा चालू होता, मान मी अमेरिकेकडे डोलवत होते, पण डोळे तुमच्या पडद्यावर होते.

तीन वाजून गेले आणि पडदा पांढरा झाला. पुन्हा लॉगिन करा, म्हणे. तुमची रांगेतली जागा गेली, प्रस्थान गेलं.

तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंत. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. मला वाटलं, आता चष्मा मिटाल आणि साडेचारपर्यंत बसून राहाल. मी कॉल म्यूट करून उठणारच होते.

आणि तुम्ही नारळ उचलून रुमालासकट पिशवीत टाकलात, पिशवी खुर्चीखाली सारलीत, आणि फोन नंबर पहिल्या आकड्यापासून टाकायला घेतलात. भर राहुकाळात, नव्यानं. एक आकडा दोनदा पडला, तो पुसून पुन्हा टाकलात. ओटीपी आला. रांग मिळाली. साडेतीनला पडद्यावरचा तो माणूस चालायला लागला, आणि या वेळी कुठंतरी पोचला. रविवार सकाळ, दोन तिकिटं. आधार तुम्हाला दोन्ही पाठ होते. पैसे भरून झाले तेव्हा तुम्ही कधी नव्हे ते अक्कांना नावानं हाक मारलीत. "प्रमोदिनी, आयतु." झालं.

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. तुम्ही म्हणालात, "प्रस्थान ठेवलं होतं. काही दोष नाही." आणि चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलंत की मला लगेच कॉलवर काहीतरी बोलावं लागलं. मी अक्कांना काही सांगितलं नाही. आजपर्यंत नाही.

त्या संध्याकाळी त्या तुमच्याबरोबर गेल्या. फिल्टर नेला. मी तुम्हाला कॅबमध्ये बसवलं आणि वर आले तर घर इतकं मोकळं की मी टीव्ही लावला. बरेच दिवस मी देवाला सांगत होते, यांना लवकर न्या. नेलं तर मला चैन पडेना. डबे मी परत लावले नाहीत. मीठ अजून उजवीकडेच आहे आणि आता हात तिकडेच जातो.

काल दुपारी अक्कांचा फोन आला. रविवारचं सगळं सांगितलं. अर्धा डोंगर तपकिरी झाला होता म्हणाल्या. पहिली फुलं गळून गेली होती. वर चढवलं नाहीच, अर्ध्या वाटेवर रेलिंग धरून बसल्या. पण सावलीच्या उतारावर अजून निळं होतं, आणि वडिलांबरोबर पाहिलं तेव्हाही त्या त्याच बाजूला होत्या, हे त्यांना तिथं बसल्यावर आठवलं. तुम्ही शेजारी छत्री धरून उभे होतात. पाऊस नव्हता, ऊनही फार नव्हतं. मी विचारलं, मग छत्री कशाला? तर म्हणाल्या, "सुम्ने."

आणि मग आवाज हळू करून म्हणाल्या, "मुग्धा, त्या मंगळवारी मी दाराआडच होते गं. यांना साइटनं बाहेर टाकलं ते मी बघितलं. नारळ पिशवीत टाकला तेही बघितलं."

मी म्हटलं, मग बोलला नाहीत?

"काय बोलू? इतक्या वर्षांत हे कुणासाठी असं बसले नाहीत. क्रिकेटलाही नाही. आणि ते त्यांना लपवायचं आहे. लपवू दे की. मला माहीत आहे हे त्यांना सांगू नको. तुझ्या तोंडातून एक शब्द निघायला नको."

मी त्यांना शब्द दिला, अण्णा. तोंडातून काही निघणार नाही. मी शब्दाची पक्की आहे, म्हणून पोस्टानं कळवते. तुम्हीही कळलं असं दाखवू नका. या घराण्याची रीत तीच आहे म्हणा, विषय आपोआप निघेपर्यंत थांबायचं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक असावी. रविवारी डोंगरावर इडलीबरोबर जी चटणी तुम्ही दोनदा मागून घेतलीत ना, ती अक्कांनी खुर्चीखालच्या पिशवीतल्या त्याच नारळाची वाटली होती.

तुमची,
मुग्धा